ही परडी माझ्या भावानं कोरली

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, हर्नडनच्या माझ्या घरी वाटाणे सोलत बसले होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. "वन्सं, हे गेले," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मी उरलेले वाटाणे सोलून संपवले. का, ते विचारू नका. चाळीस वर्षं पॅथॉलॉजीत काढलेली डॉक्टर मी, मरणाची मला सवय असायला हवी होती. शेंगा संपल्या, हात धुतले, गाडी काढली आणि चार तास ड्राइव्ह करून पिस्कॅटवेला भावाच्या घरी पोचले. दादाला तोवर फ्युनरल होममध्ये नेलं होतं. घरात त्याच्या खुर्चीवर शेजारणीनं आणलेला भाताचा ट्रे ठेवला होता, कारण दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. वसंत सुतार, निवृत्त इंजिनिअर, मितभाषी, सर्वांच्या मदतीला धावणारे, वुडवर्किंगची हॉबी जोपासणारे... खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. हॉबी! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणाऱ्याला फोन करून चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण नंबर लावता लावता हात थांबला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? हा शब्द दादाच्या नावाला पहिल्यांदा कधी, कुठल्या खोलीत आणि कुणापायी चिकटला, हे जगात फक्त दोघांना माहीत आहे असं मी तेव्हा धरून चालले होते. त्यातला एक गेला. आता मी उरले. सव्वा महिना झाला, रोज कागद घेऊन बसते आणि उठते. आज लिहूनच उठणार आहे.

आम्ही कराडचे. वडील सुतार. नुसते दारं-खिडक्यांचे नव्हेत, कोरीवकाम करणारे. देव्हारे, चौरंग, पालखीचे दांडे, लग्नातले पाट. बाबांच्या हातची वेल बघायला साताऱ्याहून माणसं यायची. दादा सात वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की त्यांच्या शेजारी बसायचा. आधी नुसत्या पटाश्यांना धार लावणं, मग वाया गेलेल्या फळीवर पानं काढणं, मग बाबांनी आखून दिलेल्या रेघेवर कोरणं. सोळाव्या वर्षी त्यानं कोरलेला मोर बाबांनी स्वतःचा म्हणून गिऱ्हाईकाला दिला आणि गिऱ्हाईकाला कळलं नाही. याहून मोठी शाबासकी आमच्या घरात नव्हती. कामावर नाव घालायची तर पद्धतच नव्हती. एकदा कुणीतरी बाबांना म्हणालं, देव्हाऱ्याच्या मागे बारीक अक्षरात नाव टाका की. बाबा चक्क चिडले. देव ज्या घरात बसणार त्या घरावर आपलं नाव कसं घालायचं, असं त्यांचं म्हणणं. दादानं ते ऐकलं आणि आयुष्यभर धरून ठेवलं.

मी वेगळंच काही धरून ठेवलं. पुण्याला मेडिकलला गेले, होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुलींनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, फर्निचरचे कॉन्ट्रॅक्टर आहेत. कुणी शिकवलं नव्हतं मला, तोंडातून आपसूक आलं. दादा मला भेटायला आला होता, दारात उभा होता, त्यानं ऐकलं. नंतर आम्ही चहा प्यायला गेलो, त्यानं अवाक्षर काढलं नाही. पुढे माझं लग्न झालं, आडनाव बदललं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, त्याला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. अमेरिकेत आल्यावर तर कॉन्ट्रॅक्टर बाबा आणखी मोठे होत गेले. आमच्या गप्पांत त्यांच्या हाताखाली वीस-वीस माणसं काम करायला लागली. प्रत्यक्षात हाताखाली एक दादाच होता, आणि तोही इंजिनिअरिंगला निघून गेला.

दादानं तीस वर्षं पॅकिंगची मशिनं डिझाइन केली. चांगली नोकरी होती, पिस्कॅटवेला घर झालं. मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तोच करायचा, थर्मोकोलचं, कारण हॉलमध्ये लाकडाला परवानगी नव्हती. कुणाच्या किचन कॅबिनेटचं दार लोंबायला लागलं की फोन यायचा, 'वसंतकाका, जरा बघता का?' काका जायचे. पंचावन्नाव्या वर्षी कंपनीनं कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि दादा घरी बसला. वहिनीनं त्याला घराबाहेर काढायला म्हणून फिलाडेल्फियाजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून नाव घालायला लावलं. त्या म्युझियमचं नाव मी इथे लिहीत नाही. जुन्या अमेरिकन फर्निचरचं म्युझियम आहे, एवढं पुरे.

तिथे त्यानं ते कपाट पाहिलं. दोन मजली, जवळजवळ छताला टेकलेलं, महॉगनीच्या लाकडाचं, अठराव्या शतकातलं. खाली पक्ष्याच्या नखांनी चेंडू पकडावा तसे पाय, कडांवर पानांची वेल. त्या रात्रीच्या फोनवर त्याचा आवाज मला ओळखूच येईना. म्हणाला, हे बाबांच्या जातकुळीचं काम आहे गं. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय सुचेना. बॅटरी घेऊन म्युझियमच्या जमिनीवर आडवा व्हायचा आणि पायांच्या आतल्या बाजू बघायचा. साठीकडे झुकलेला माणूस! तिथल्या दुरुस्तीच्या वर्कशॉपचा प्रमुख होता फ्रँक नावाचा, जाडजूड, कमी बोलणारा. त्याला दादा आवडला. तो त्याला आसपासच्या चार-पाच गावांतल्या संग्रहांत घेऊन गेला, आणि दादानं त्याच एका हाताचं काम आणखी सात ठिकाणी शोधून काढलं.

त्या हाताला नाव नव्हतं. ड्रॉवरच्या आत कागदी लेबल असायचं ते दुकानाच्या मालकाचं. कपाट बांधणारे वेगळे, कोरणारा वेगळा, आणि हा कोरणारा आपलं पटाश्यांचं गाठोडं घेऊन दोन-तीन दुकानांत काम करत असला पाहिजे, कारण लेबलं वेगळी आणि पानं मात्र तीच. मी चिडवायची, काय म्हणतोय तुझा गोरा सुतार? मग दादा सुरू व्हायचा. त्या कोरणाऱ्याच्या एका गोल पटाशीच्या धारेला बारीक खाच होती, म्हणून प्रत्येक खोबणीत केसाएवढी रेघ उमटलीय. एका खुर्चीपासून पुढे ती रेघ नाहीशी होते, म्हणजे त्यानं तिला नव्यानं धार काढली. उजवीकडची पानं खोल, डावीकडची उथळ, म्हणजे सकाळी उजवीकडून सुरुवात करायचा आणि डावीकडे पोचेपर्यंत थकायचा, नाहीतर हिवाळ्यात चारलाच खिडकीतला उजेड संपायचा. थंडीत बोटं फुटत असणार. काम उभ्यानं, कमरेचा टेकू बाकाला देऊन, वर्षानुवर्षं... शिक्षण इंग्लंडात झालं असावं, वळण तिकडचं आहे, म्हणजे तरुणपणी बोटीनं आला आणि परत गेला नाही. महॉगनी यायची दक्षिणेकडच्या बेटांवरून, तिथे ती गुलामांकडून तोडून घ्यायचे, हे सांगायला दादा कधी विसरायचा नाही. त्यांचीही नावं नाहीत, म्हणायचा. आणि शेवटच्या खुर्चीवर पानांच्या कडा नीट आहेत, पण आतल्या शिरा काढलेल्याच नाहीत. डोळे गेले असणार गं त्याचे, असं तो इतक्या हळहळीनं सांगायचा की जणू शेजारच्या घरातली गोष्ट आहे. डोळे गेलेल्या कोरणाऱ्याला दुकानात कोण ठेवेल? तिथून पुढे त्याचं काही सापडत नाही.

त्या मोठ्या कपाटाच्या माथ्यावर मधोमध एक भोक होतं. तिथे पूर्वी काहीतरी कोरीव बसवलेलं असणार, ते कधीच हरवलं होतं. फ्रँकच्या मनात ती जागा भरायची होती. त्यानं दादाला विचारलं, आणि दादानं एक अख्खा हिवाळा गराजमध्ये काढला. मोडक्या जुन्या टेबलाची महॉगनी फ्रँकनंच दिली, कारण जुन्याला जुनंच लाकूड लावायची त्यांच्याकडे रीत आहे. कपाटावरच्या पानांवरून दादानं अंदाज बांधला की वर फुलांची परडी असावी. मी नाताळच्या सुट्टीत गेले होते. हीटरपाशी स्टूल टाकून तो कोरत होता आणि मी पायाशी पडलेल्या ढलप्या गोळा करत होते, अगदी कराडला करायची तशी. परडी पुरी झाली तेव्हा मी पुन्हा गेले, त्यानं ती माझ्या मांडीवर ठेवली. गुलाबासारखी फुलं, एक कळी बाहेर झुकलेली, विणलेल्या काड्यांतून पलीकडचा उजेड दिसायचा... मी मायक्रोस्कोपखाली आयुष्य काढलं, बारीक काम म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच रागही आला, की हा माणूस तीस वर्षं खोकी बंद करायची मशिनं काय करत बसला!

आता ती चूक, जी फक्त आमच्याच घरातला माणूस करू शकतो. जुन्या वस्तूला नवा तुकडा जोडणाऱ्यानं त्याच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, आपलं नाव आणि वर्ष घालायचं, हा त्या धंद्यातला पक्का नियम आहे. पुढे कुणाची फसगत होऊ नये म्हणून. फ्रँकनं सांगितलं होतं. दादानं घातलं नाही. मी विचारलं तर हसला, म्हणाला, बाबांनी घातलं का कधी? फ्रँकनं परडी बसवली आणि म्युझियमच्या वहीत एकच ओळ लिहिली, 'वरची परडी बसवली.' कुणाची, नवी की जुनी, काही नाही. परडीची कागदावरची चित्रं दादानं फ्रँकलाच देऊन टाकली होती. दोन वर्षांनी फ्रँक हार्ट अटॅकनं गेला आणि ती चित्रं कुठल्या डब्यात गेली कुणास ठाऊक. कपाट म्युझियममध्ये आलं तेव्हाचा फोटो होता, पण त्यात वरचं टोक आलेलंच नाही. सगळं कसं जुळून आलं बघा.

बरीच वर्षं गेली. म्युझियममध्ये नवीन प्रमुख आली, कॅथरीन. हुशार, मेहनती बाई. तिनं त्या अज्ञात कोरणाऱ्यावर मोठं प्रदर्शन केलं आणि जाडजूड पुस्तक काढलं. दादानं दाखवलेल्या खाचेच्या रेघा त्यात आहेत, आभाराच्या यादीत व्हॉलंटिअर म्हणून त्याचं नावही आहे. पहिल्या दिवशी तिचं भाषण होतं. दादा आणि वहिनी चौथ्या रांगेत बसलेले. पडद्यावर परडी आली. कॅथरीन म्हणाली, हा या हातानं केलेला सर्वोत्तम नमुना, इथे हा कारागीर स्वतःच्याही पुढे गेला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकाच्या कव्हरवरही तीच. वहिनी सांगते, दादा आधी हसला. तोंडावर रुमाल धरून इतका हसला की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. गाडीत बसल्यावर मात्र त्यानं बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

आठवड्यानं तो तिला भेटला आणि सांगितलं. ती खोटं बोलणारी नव्हती, हे मला आजही लिहावंच लागतं, कितीही राग असला तरी. तिनं लाकूड तपासून घेतलं, ते जुनंच निघालं, निघणारच. मग तिनं सरळ दोन गोष्टी मागितल्या. परडी होताना पाहिलेल्या, त्या घरात न राहणाऱ्या एका माणसाची सविस्तर लेखी साक्ष, त्यात हे काम दादा कुठे शिकला तेही हवं. आणि दादानं त्यांच्या समितीसमोर तसंच एखादं फूल कोरून दाखवायचं. दोन्ही झालं तर पाटी बदलू, म्हणाली. वहिनीची साक्ष, बायको म्हणून, चालणार नव्हती. उरले मी. माझ्या सहीवर लोकांचे ब्रेस्ट काढले जातात की ठेवले जातात ते ठरत होतं, माझ्या शब्दाला वजन होतं. दादाचे हात तेव्हा ठणठणीत होते. कोरायला तो एका पायावर तयार होता.

तो स्वतः हर्नडनला आला. आयुष्यात त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. नाव हवंय असं तो म्हणालाच नाही. म्हणाला, त्या गोऱ्याच्या खात्यात माझं काम नको, त्याचं त्याला राहू दे. पण मी त्याची बहीण आहे, मला त्याचं तोंड वाचता येतं. त्याला हवं होतं. सत्तरीला आलेल्या माणसाला एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं की हे तू केलंस.

आणि माझ्या घरात तेव्हा मीराचं लग्न ठरत होतं. माझी एकुलती एक लेक. मुलाकडचे फ्रिस्कोचे, दोन पिढ्या डॉक्टर, जेवताना मधूनच पणजोबांच्या वकिलीबद्दल बोलणारे. त्यांना आमच्या बाबांचं ते कॉन्ट्रॅक्टरचं पुराण मी साग्रसंगीत ऐकवलेलं. म्युझियमची गोष्ट बाहेर आली की पेपरात येणार, सुताराचा मुलगा वगैरे, फोटो येणार, मंडळात चर्चा... मी दादाला म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे, मग लिहिते." तो म्हणाला, "बरं." मीराला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, 'आई, आर यू सिरियस? दॅट्स सो कूल!' पुढे कळल्यावर ती तसंच म्हणाली, आणि मग किती तरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. त्या मुलाकडच्यांनाही काही वाटलं नसतं. हे सगळं आता कळून काय करू? लाज माझी होती, बाकी कुणाची नव्हतीच.

लग्नाला अकरा महिने लागले. अकरा महिन्यांत दादानं एकदाही आठवण करून दिली नाही. इतकं समजूतदार असू नये माणसानं. एकदा जरी ओरडला असता, तर मी चिडून का होईना, लिहून टाकलं असतं. फ्रिस्कोला रिसेप्शनमध्ये त्याच्या हातात चहाचा कप होता आणि बशीवर तो किणकिण वाजत होता. मी व्याह्यांशी हसत बोलत होते आणि त्या आवाजाकडे बघत होते. उजवा हात. टेकवलेला असताना जास्त, हलवला की कमी. डॉक्टर आहे ना मी... तिथेच, गजरा माळून उभी असताना, मला पार्किन्सन्स कळला. न्यूरॉलॉजिस्टनं महिन्यानं तेच सांगितलं.

मग मात्र मी धावपळ केली. दोन दिवसांत पत्र लिहिलं, दोन पानी, नोटराइझ केलेलं. परडी, गराज, हिवाळा, फ्रँक, जुन्या टेबलाचं लाकूड, सगळं तपशिलात. आणि हे काम तो कुठे शिकला, या जागी मी लिहिलं की वडिलांचा फर्निचरचा व्यवसाय असल्यानं त्याला लहानपणापासून लाकडाची आवड होती. लग्न झालेलं होतं. कुणाची भीती उरलेली नव्हती. तरी बोटांनी तेच टाइप केलं, आणि मी ते वाचून सही केली.

समितीसमोर मी त्याला घेऊन गेले. चार माणसं, लांब टेबल, त्यावर महॉगनीचा ठोकळा शिकंज्यात पकडलेला. दादानं आपल्या पटाश्या कापडात गुंडाळून आणल्या होत्या, त्यातल्या तीन बाबांच्या. औषधाची वेळ जुळवून आलो होतो, हात जरा बरा होता. कॅथरीननं माझं पत्र समोर धरलं आणि विचारलं, इतकं कोरायला माणूस पाच-सात वर्षं कुणाच्या हाताखाली बसावा लागतो, तुमच्या बहिणीनं लिहिलंय की वडील व्यवसाय करायचे, मग तुम्ही शिकलात कुठे?

दादानं माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं. मी तिथेच बसले होते, हात वर करायचीही गरज नव्हती, एक वाक्य पुरलं असतं. मी टेबलाकडे बघत राहिले.

"इट वॉज अ हॉबी," दादा म्हणाला.

एका माणसानं ते लिहून घेतलं. मग दादानं पटाशी हातात घेतली. एक पान काढलं, ते बरं आलं. दुसऱ्याच्या वळणावर हात उडाला आणि पटाशी पानाचं टोक घेऊन गेली. त्यानं ठोकळा फिरवून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच झालं. कॅथरीन उठून त्याच्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आपण थांबूया का? तो थांबला. एकेक पटाशी पुसून कापडात गुंडाळायला त्याला फार वेळ लागला आणि चौघंही तोवर उभे राहिले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. तीन आठवड्यांनी पत्र आलं. दावा प्रामाणिक वाटतो, पण सिद्ध होत नाही.

परतीच्या वाटेवर मी रडत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता. टर्नपाइक हायवेवर कुठेतरी म्हणाला, त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या जागी मीसुद्धा मान्य केलं नसतं. त्यानं म्हणायला हवं होतं, तुझ्यामुळे झालं हे. नाही म्हणाला. पुढची चार वर्षं कधीच म्हणाला नाही. मी महिन्यातून एकदा जायची, गोळ्यांचे डबे भरायची, व्यायाम घ्यायची, न्यूरॉलॉजिस्टशी भांडायची. तो निमूटपणे सगळं करून घ्यायचा. शेवटी शेवटी त्याला शर्टाचं बटण लावता येईना, ते मी लावायची आणि तो माझ्या बोटांकडे बघत बसायचा. मी त्याची माफी मागितली नाही. मागितली असती तर तो 'असू दे गं' म्हणाला असता, आणि तेवढ्यावर सुटायची मला भीती वाटत होती. आता हे वाक्य लिहिताना वाटतं, हेही खोटंच असेल. नुसती हिंमत झाली नाही, एवढंच खरं.

मला बाबांचाही राग येतो. काय अडलं होतं देव्हाऱ्यामागे चार अक्षरं कोरायला? दादाचाही येतो, फ्रँकनं सांगूनही ऐकलं नाही म्हणून. पण हे सगळे राग फिरून फिरून माझ्याच दाराशी येतात. त्यांनी नाव घातलं नाही ते काम मोठं मानलं म्हणून. मी नाव लपवलं, ते काम हलकं मानलं म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

मागच्या आठवड्यात मी वहिनीला घेऊन त्या म्युझियममध्ये गेले. कॅथरीन आता दुसऱ्या शहरात आहे. कपाटाभोवती दोरी लावलेली, शेजारी पाटी, 'कोरणारा अज्ञात.' एक वयस्कर गाईडबाई सात-आठ जणांना माहिती देत होत्या. परडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, असा हात मोठेपणी शिकून येत नाही, हा माणूस लहानपणापासून कुणाच्या तरी शेजारी बसलेला असणार. मी पुढे झाले आणि म्हणाले, ही परडी माझ्या भावानं कोरली, वसंत सुतार त्याचं नाव. सगळे माझ्याकडे वळले. बाई सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, कुठे शिकले ते?

"आमच्या वडिलांजवळ," मी म्हणाले. "माय फादर वॉज अ कार्पेंटर."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत. काही झालं नाही. छत कोसळलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. एक माणूस तर कौतुकानं हसला. "हाऊ लव्हली," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन पलीकडच्या घड्याळाकडे गेल्या.

वहिनी माझ्या शेजारी दोरीला धरून उभी होती. लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून तिनं मला एक वावगा शब्द बोललेला नाही. ती परडीकडेच बघत होती, माझ्याकडे नाही.

"हे त्या दिवशी बोलायचं होतंत, वन्सं."

परडी फार उंचावर आहे, खालून तिची झुकलेली कळी दिसत नाही. आम्ही दोघी तशाच माना वर करून उभ्या राहिलो, रखवालदार येऊन बंद व्हायची वेळ झाली म्हणेपर्यंत.